बंगळुरूला बारा महिने फुलत ठेवणारा जर्मन माळी आधी सयाजीरावांच्या बडोद्यात होता

दरवर्षी थंडी संपत आली की इन्स्टाग्रामवर बंगळुरूचे फोटो फिरायला लागतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं, खाली पाकळ्यांचा सडा आणि मधून जाणारी एखादी रिक्षा. खाली कॉमेंट ठरलेली असते, हे भारतातलं शहर आहे यावर विश्वास बसत नाही.

मग कुणीतरी सांगतं की ही सगळी झाडं एका जर्मन माणसाने लावली. त्याचं नाव गुस्टाव हर्मन क्रुम्बीगल.

यातलं अर्धं खरं आहे. क्रुम्बीगल नावाचा माणूस होता, तो जर्मन होता आणि बंगळुरूच्या हिरवाईवर त्याच्याइतका ठसा फार थोड्या लोकांनी उमटवलाय. पण सगळी झाडं त्याने लावली हे खरं नाही. त्याने झाडांपेक्षाही अवघड काम केलं होतं. शहरात झाडं कायम टिकावीत आणि म्हातारी झालेली झाडं जाताना त्यांच्या जागी नवी उभी राहावीत, अशी व्यवस्था लावून दिली होती. आज बंगळुरूत, मुंबईत, पुण्यात झाडांवरून जी भांडणं चालू आहेत ती याच व्यवस्थेशी येऊन थांबतात.

म्हणून हा माणूस कोण होता, तो इथवर कसा आला आणि त्याने नेमकं काय केलं, ते नीट बघू.

ड्रेस्डेनजवळचं गाव ते लंडनचं क्यू गार्डन

क्रुम्बीगल यांचा जन्म १८ डिसेंबर १८६५ चा. गाव लोमेन, जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, ड्रेस्डेन शहराजवळ. बागकामाचं शिक्षण त्यांनी पिल्निट्झला घेतलं. पिल्निट्झ म्हणजे सॅक्सनीच्या राजघराण्याचा उन्हाळी महाल जिथे होता ते ठिकाण. तिथल्या बागा तेव्हाही नावाजलेल्या होत्या.

त्या काळात युरोपात माळी होणं म्हणजे कुदळ-फावडं चालवणं एवढंच नव्हतं. वनस्पतीशास्त्र, जमिनीचा उतार, पाण्याचा निचरा, नकाशा काढणं, कुठलं झाड किती वर्षांनी किती पसरेल याचा हिशेब हे सगळं शिकावं लागायचं. हॅम्बर्गमध्ये काही काळ काम करून १८८८ मध्ये क्रुम्बीगल इंग्लंडला गेले. लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांनी फुलांचे ताटवे आखले आणि तिथून क्यू इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डन्समध्ये दाखल झाले.

क्यू तेव्हा साम्राज्याचं वनस्पती-केंद्र होतं. जगभरातून बिया, कलमं आणि रोपं तिथे यायची, वाढवली जायची आणि दुसऱ्या खंडात पाठवली जायची. रबर, सिंकोना अशा पिकांचे प्रवास इथूनच झाले. तिथे काम केलेल्या माणसाला एक सवय लागायची. झाड दिसलं की ते आणखी कुठे रुजेल, हा प्रश्न डोक्यात यायचा.

सयाजीरावांची हाक

इथे गोष्टीत मराठी माणूस येतो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेले सयाजीराव गायकवाड तेव्हा बडोद्याच्या गादीवर होते. शाळा, वाचनालयं, सक्तीचं प्राथमिक शिक्षण यांसाठी त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली तेही हेच सयाजीराव.

त्यांची एक पद्धत होती. एखादं काम करायचं ठरलं की त्यातला जाणकार माणूस शोधायचा, मग तो कुठल्या का देशाचा असेना. लक्ष्मी विलास राजवाडा उभा राहिला होता, शहरात मोठी सार्वजनिक बाग झाली होती. या बागांना शास्त्रोक्त सांभाळणारा माणूस हवा होता. १८९३ मध्ये क्रुम्बीगल बडोदा संस्थानाच्या बागांचे प्रमुख म्हणून भारतात आले. वय होतं सत्तावीस.

पुढची साधारण दीड दशकं ते गायकवाडांच्या नोकरीत राहिले. या काळाबद्दल फारसं बोललं जात नाही, पण बंगळुरूत त्यांनी जे केलं त्याची तालीम इथे झाली. युरोपात झाडाला थंडीपासून वाचवावं लागतं. बडोद्यात मे महिन्याच्या उन्हापासून वाचवावं लागतं आणि लगेच जून-जुलैत मुळाशी साचणाऱ्या पाण्यापासूनही. पुस्तकातला ऋतू आणि इथला ऋतू यांचा मेळ नसतो, हे त्यांना इथल्या मातीने शिकवलं.

म्हैसूरचं बोलावणं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात नाल्वडी कृष्णराज वडियार राज्य करत होते. बंगळुरूच्या लालबागेचे प्रमुख जॉन कॅमेरॉन निवृत्त होणार होते. कॅमेरॉन १८७४ पासून तिथे होते आणि लालबागेतलं प्रसिद्ध काचघर त्यांच्याच काळात उभं राहिलं. त्यांच्या जागी महाराजांनी क्रुम्बीगल यांना निवडलं. एका जर्मन माणसाला हे पद द्यायला ब्रिटिशांची नाराजी होती, पण महाराज आपल्या निवडीवर ठाम राहिले. १९०८ मध्ये क्रुम्बीगल यांनी सूत्रं हाती घेतली.

पदाचं नाव लांबलचक होतं, सरकारी बागांचे सुपरिंटेंडंट आणि इकॉनॉमिक बोटॅनिस्ट. म्हणजे शोभेची बाग तर सांभाळायचीच, शिवाय शेतकऱ्याला आणि राज्याला उपयोगी पडतील अशा वनस्पती शोधायच्या, वाढवायच्या आणि पसरवायच्या.

त्या वेळचं बंगळुरू कसं होतं? १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १.६ लाख. आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. एकीकडे जुनी पेठ, दाटीवाटीची. दुसरीकडे इंग्रजांची छावणी, मोकळी आणि ऐसपैस. १८९८ मध्ये प्लेगची साथ आली, पेठेत माणसं पटापट मेली. त्यानंतर गर्दी कमी करण्यासाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या नव्या वसाहती आखल्या गेल्या. रुंद, सरळ रस्ते, हवा खेळती राहील असे प्लॉट.

क्रुम्बीगल आले तेव्हा हे शहर वाढत होतं. बांधून झालेल्या शहरात झाडासाठी जागा शोधावी लागते, वाढणाऱ्या शहरात ती आधीच राखून ठेवता येते. ही संधी त्यांना मिळाली आणि त्यांनी ती ओळखली.

बारमाही फुलोरा म्हणजे नेमकं काय?

क्रुम्बीगल यांच्या नावावर सगळ्यात जास्त सांगितली जाणारी कल्पना ही आहे. प्रत्येक झाडाचा फुलण्याचा महिना वेगळा असतो. झाडांची निवड अशी करायची की एका जातीचा बहर ओसरत आला की दुसरीचा सुरू व्हावा. एका रस्त्यावर एका जातीची रांग लावली की तो अख्खा रस्ता एकाच वेळी रंग धरतो. पुढच्या महिन्यात शेजारचा रस्ता. वर्षभर शहरात कुठे ना कुठे बहर असतोच.

बंगळुरूच्या रस्त्यांवर आज दिसणारी झाडं घेऊन हे वेळापत्रक बघा. जानेवारी-फेब्रुवारीत पिवळा टॅबेबुया. मग जॅकरांडा, ज्याला आपण नीलमोहर म्हणतो. त्याच सुमारास पळस आणि काटेसावर. एप्रिल-मेमध्ये गुलमोहर, सोनमोहर, बहावा आणि आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल असलेलं ताम्हण. पाऊस सरला की बूच, ज्याच्या पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा पुण्याच्या जुन्या रस्त्यांवरही पडतो. वर्ष संपता संपता गुलाबी टॅबेबुया.

ऐकायला हे सोपं वाटतं. करायला गेलं तर माळ्याला बऱ्याच गोष्टी आधीच ठाऊक असाव्या लागतात. हे झाड इथल्या मातीत फुलायला किती वर्षं घेईल? त्याची मुळं रस्ता उचकटतील का? फांद्या वाऱ्यात मोडतील का? पानगळ कधी होते? उन्हाळ्यात सावली हवी असताना ते उघडं-बोडकं तर होणार नाही? ही उत्तरं मिळायला लालबागेसारखी प्रयोगाची जागा लागते. तिथे आधी झाड वाढवून बघायचं, दहा-पंधरा वर्षं निरीक्षण करायचं आणि मगच ते रस्त्यावर न्यायचं.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. हवा समशीतोष्ण, त्यामुळे दक्षिण अमेरिकेतला जॅकरांडाही तिथे रमतो आणि इथला बहावाही. क्रुम्बीगल यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. जगभरच्या बागांशी त्यांनी बियांची देवाणघेवाण ठेवली. बाहेरून बी मागवायचं, लालबागेत पेरायचं, जगलं तर रोपवाटिकेत वाढवायचं. बदल्यात इथल्या वनस्पतींचं बी बाहेर पाठवायचं.

झाडांइतकंच महत्त्वाचं काम

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वृक्षारोपण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते एक दिवसाचं काम. खड्डा, रोप, फोटो, भाषण. क्रुम्बीगल यांच्या कामात असा दिवस नव्हता. त्यांनी खातं उभं केलं.

त्या खात्यात रोपवाटिका होती, म्हणजे झाड मेलं तर त्याच जातीचं, हव्या उंचीचं दुसरं रोप तयार असायचं. शिकाऊ माळी होते, म्हणजे ज्येष्ठ माणूस निवृत्त झाला तरी ज्ञान त्याच्याबरोबर घरी जायचं नाही. १९१२ मध्ये म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी स्थापन झाली, तिच्यामागेही क्रुम्बीगल होते. या संस्थेमुळे सामान्य लोक, हौशी बागवाले आणि सरकारी खातं एकत्र आले. आजही स्वातंत्र्यदिनाला आणि प्रजासत्ताक दिनाला लालबागेत पुष्पप्रदर्शन भरतं आणि त्याला लाखो लोक जातात.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. रस्ते आखताना, वसाहती आखताना, सार्वजनिक इमारती बांधताना क्रुम्बीगल यांचा सल्ला घेतला जायचा. म्हैसूर सरकारचे वास्तू आणि नगररचना सल्लागार म्हणूनही त्यांनी काम केलं. म्हणजे रस्ता किती रुंद हे ठरवणाऱ्या टेबलावर माळी बसलेला होता. इंजिनिअरने रस्ता पूर्ण करून उरलेल्या पट्टीत झाडं लावा असं सांगण्याची वेळच आली नाही.

सर मिर्झा इस्माईल १९२६ मध्ये म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांना शहरं देखणी करण्याचा ध्यास होता. कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी वृंदावन उद्यान त्यांच्याच काळात झालं, जिथे आजही म्हैसूरला जाणारा प्रत्येक पर्यटक कारंजी बघायला थांबतो. त्या कामातही क्रुम्बीगल यांचा हात होता. दिवाण, इंजिनिअर आणि माळी एका दिशेने विचार करत होते, हे त्या काळाचं भाग्य.

पण या चित्राची दुसरी बाजूही आहे. हे संस्थान होतं. महाराजांनी ठरवलं की व्हायचं. जमीन कुणाची, कुणाला विचारलं, कुणाला हलवलं हे प्रश्न तेव्हा आजच्यासारखे विचारले जात नव्हते. फुलांचे रस्तेही आधी आले ते छावणीत आणि नव्या ऐसपैस वसाहतींत. पेठेतल्या बोळात राहणाऱ्याच्या वाट्याला जॅकरांडा आला नाही. आजही अनेक शहरांत झाडांचा नकाशा आणि श्रीमंतीचा नकाशा एकमेकांवर ठेवला तर बराचसा जुळतो.

निवृत्ती, नजरकैद आणि अखेर

१९३२ मध्ये क्रुम्बीगल निवृत्त झाले, पण जर्मनीला परत गेले नाहीत. बंगळुरूतच राहिले आणि सल्लागार म्हणून काम करत राहिले. त्यांची जागा घेतली एच. सी. जवरय्या यांनी. लालबागेची सूत्रं पहिल्यांदाच एका भारतीयाच्या हाती आली.

मग दुसरं महायुद्ध आलं. ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांविरुद्ध उभे ठाकले आणि भारतातले जर्मन शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. म्हैसूर संस्थानातल्या जर्मनांना ताब्यात घेऊन छावण्यांत ठेवलं गेलं, त्यात क्रुम्बीगलही होते. वय सत्तरीच्या पुढे. आयुष्यातली जवळजवळ पन्नास वर्षं ज्या देशातल्या झाडांना दिली, त्याच देशात ते कैदी झाले. आणि बाहेर त्यांनी लावलेल्या रांगा ऐन भरात आल्या होत्या.

युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला. क्रुम्बीगल तरीही बंगळुरूतच राहिले. १९५६ मध्ये, वयाच्या नव्वदीत, तिथेच त्यांचं निधन झालं. होसूर रोडवरच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. लालबागेजवळच्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

मग ती गुलाबी झाडं कुणाची?

आता सुरुवातीच्या दाव्याकडे परत जाऊ. आज आपण ज्या झाडांचे फोटो शेअर करतो त्यातली बरीचशी क्रुम्बीगल गेल्यानंतर लावलेली आहेत.

बंगळुरूच्या हिरवाईची साखळी लांब आहे. लालबागेची सुरुवात १७६० मध्ये हैदर अलीने केली, टिपूने ती वाढवली. कॅमेरॉन यांनी चौतीस वर्षं तिथे घालवली आणि कितीतरी विदेशी झाडं आणली. मग क्रुम्बीगल, मग जवरय्या. स्वातंत्र्यानंतर डॉ. एम. एच. मरिगौडा, ज्यांनी कर्नाटकाच्या फलोत्पादन खात्याचा पाया घातला आणि लालबाग जिल्ह्याजिल्ह्यांच्या रोपवाटिकांपर्यंत नेली.

आणि १९८० च्या दशकात वन अधिकारी एस. जी. नेगिनहाळ. तोपर्यंत शहराची लोकसंख्या २९ लाखांवर गेली होती. नव्या वसाहती उघड्या-बोडक्या होत्या. नेगिनहाळ यांच्या देखरेखीखाली पाचेक वर्षांत सुमारे १५ लाख झाडं लावली गेली. उंच वाढवलेली रोपं वापरली, त्यांना संरक्षक जाळ्या लावल्या आणि रहिवाशांना सोबत घेतलं. आज बंगळुरूच्या मध्यमवयीन वस्त्यांत जी दाट सावली आहे, तिच्यात या मोहिमेचा मोठा वाटा आहे. २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीत ते गेले.

ही नावं सांगायचं कारण क्रुम्बीगल यांचं श्रेय कमी करणं हे नाही. उलट, त्यांच्यामागे माणसं येत राहिली, हेच त्यांच्या कामाचं यश आहे. एकट्या माणसाने लावलेली झाडं त्या झाडांच्या आयुष्याबरोबर संपतात. रस्त्याकडेचं झाड आपल्या शहरांत फार तर साठ-ऐंशी वर्षं चांगलं जगतं. १९१० मध्ये लावलेलं झाड १९८० मध्ये म्हातारं होणारच. तेव्हा पुढचं लावणारा कुणीतरी लागतो.

साखळी कुठे तुटली?

१९९० नंतर बंगळुरू सुसाट वाढलं. आयटी कंपन्या आल्या, माणसं आली, गाड्या आल्या. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८४ लाखांवर होती. रस्ते अपुरे पडू लागले आणि रुंदीकरणात पहिला बळी गेला तो कडेच्या जुन्या झाडांचा. कारण उघड आहे. घर पाडायचं तर मालक कोर्टात जातो, झाड कोर्टात जात नाही.

उपग्रहाची जुनी-नवी छायाचित्रं तुलना करून भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की १९७३ नंतरच्या चार दशकांत शहरातली निम्म्याहून अधिक हिरवाई नाहीशी झाली. २००९ मध्ये मेट्रोसाठी खुद्द लालबागेची कड कापली गेली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. २०१६ मध्ये बसवेश्वर सर्कल ते हेब्बाळ असा ६.७ किलोमीटरचा पोलादी उड्डाणपूल ठरला. त्यासाठी आठशेहून जास्त झाडं जाणार होती. ऑक्टोबरमध्ये हजारो बंगळुरूकरांनी मानवी साखळी केली. मार्च २०१७ मध्ये सरकारने तो प्रकल्प रद्द केला.

या लढाया जिंकल्या तरी एक गोष्ट त्यातून परत येत नाही. क्रुम्बीगल यांच्या काळात माळी टेबलावर बसलेला होता. आता तो टेबलावर नसतो. आराखडा पक्का होतो, निविदा निघते, आणि मग वृक्ष अधिकाऱ्याकडे परवानगीचा कागद येतो. तोवर ठरवायचं काही उरलेलंच नसतं.

एकाच्या बदल्यात दहा, हे गणित का फसतं?

झाड तोडताना हमखास सांगितलं जातं की बदल्यात दहा लावू. साधा हिशेब करून बघू.

समजा रस्त्यावर एक जुना वर्षावृक्ष आहे आणि त्याचा घेर २० मीटर आहे. वर्तुळाच्या सूत्राने त्याची सावली झाली साधारण ३१४ चौरस मीटर. त्याच्या जागी लावलेल्या रोपाचा घेर एक मीटर धरला, तर त्याची सावली पाऊण चौरस मीटरच्या किंचित वर. दहा रोपांची मिळून आठ चौरस मीटरही नाही. तेवढी सावली आज परत हवी असेल तर दहा नाही, चारशे रोपं लागतील. तीही सगळी जगली तर. आणि त्याच रस्त्यावर असली तर. प्रत्यक्षात ती लागतात शहराबाहेरच्या एखाद्या माळावर, जिथे बसची वाट बघत उभा राहणारा माणूस नसतो.

सावलीची किंमत मोजलीही गेली आहे. हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूत झाडं असलेल्या आणि नसलेल्या रस्त्यांचं तापमान मोजलं. झाडांखालची हवा ५.६ अंशांपर्यंत थंड निघाली. डांबराच्या पृष्ठभागात तर फरक २७.५ अंशांपर्यंत गेला. हातगाडीवाला, सिग्नलवरचा पोलीस, डिलिव्हरीवाला, शाळेतून चालत येणारं पोर यांच्यासाठी हा फरक म्हणजे दिवस ढकलणं आणि आजारी पडणं यातला फरक आहे.

त्याच अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. मोठी झाडं रुंद रस्त्यांवर आहेत आणि नेमके तेच रस्ते रुंदीकरणात येतात. नवीन लागवड मात्र लहान चणीच्या झाडांची होते, कारण ती वायरींना लागत नाहीत, पदपथ उचकटत नाहीत. म्हणजे संख्या टिकली तरी छत्र आक्रसत जातं.

क्रुम्बीगल चुकले कुठे?

आजच्या नजरेने त्यांच्या निवडीवर एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष आणि जॅकरांडा अमेरिका खंडातले. देखणे आहेत, पण इथल्या पक्ष्यांना, फुलपाखरांना, कीटकांना वड, पिंपळ, उंबर, करंज जितका आसरा देतात तितका ही झाडं देत नाहीत. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात.

अख्ख्या रस्त्यावर एकच जात लावण्यातही धोका असतो. मुंबईने तो भोगलाय. तिथले कितीतरी जुने वर्षावृक्ष पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने वाळून गेले. एक जात, एक कीड, अख्खी रांग गारद. म्हणून आज जाणकार मिश्र लागवड सुचवतात.

त्यांची झाडांची यादी जशीच्या तशी उचलण्याचं कारण नाही. त्यांची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. आधी वाढवून बघा, वीस वर्षं पुढचं बघा, रोपवाटिका चालू ठेवा, माणसं तयार करा, आणि रस्ता आखतानाच झाडाची जागा धरा.

आपल्या शहरात याचा उपयोग काय?

महाराष्ट्रात शहरांतल्या झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असावं लागतं आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावी लागते. झाड तोडण्याआधी नोटीस त्या झाडावर लावावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी रोपं बदल्यात लावायची अशीही तरतूद आली.

कागदावर हे बरंच आहे. तरी ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरेत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. हायकोर्टाने याचिका फेटाळल्याच्या त्याच रात्री करवती सुरू झाल्या आणि सुप्रीम कोर्टाने तोड थांबवायला सांगेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती.

म्हणून कुठलंही झाड तोडायची वेळ आली की विचारायचे प्रश्न ठरवून ठेवावेत. आराखडा बनवताना वृक्ष अधिकारी किंवा उद्यान विभाग सोबत होता का? रस्त्याची आखणी दोन मीटर सरकवता आली असती का? बदल्यातली रोपं याच वॉर्डात लागणार का? तीन वर्षांनी त्यातली किती जगली, हे कोण मोजणार? आणि आत्ता उभी असलेली जी झाडं पुढच्या वीस वर्षांत म्हातारी होणार आहेत, त्यांच्या शेजारी आजच रोपं लावली आहेत का? हे प्रश्न नोटिशीवरच्या हरकतीत लेखी विचारता येतात, आणि माहितीच्या अधिकाराखालीही.

शिवाय एक काम कुणालाही करता येतं. आपल्या रस्त्यावरच्या झाडाचा बुंधा सिमेंटने किंवा पेव्हर ब्लॉकने आवळला गेलाय का ते बघणं. मुळांना पाणी आणि हवा मिळाली नाही तर झाड आतून कमजोर होतं आणि पहिल्या वादळात कोसळतं. मग तेच झाड धोकादायक ठरवून तोडलं जातं. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या पालिकेकडे हीच मागणी एका अर्जाने करता येते.

लालबागेत क्रुम्बीगल यांच्या नावाचं एक जुनं व्याख्यानगृह होतं. देखभालीअभावी ती इमारत मोडकळीला आली आणि २०१७ मध्ये कोसळली. जॅकरांडा मात्र त्या वर्षीही वेळेवर फुलला, कारण त्याच्यामागे अजून लालबागेची रोपवाटिका उभी आहे आणि पाणी घालणारे माळी रोज सकाळी कामावर येतात.